आठोळीला कळते ते अनुदानाला कधी कळणार?



बोराची आठोळी दाताने फुटत नाही. आम्ही कृषीची पदवी घेऊन गावात आलो तेव्हा ते टणक कवच म्हणजे नुसती अडचण, असेच मानत होतो. पुस्तकातले खरेच आहे. अख्खी आठोळी उगवायला तीन-चार आठवडे घेते, फोडून काढलेले बी आठवड्यात उगवते. म्हणून गंगापूर तालुक्यातल्या एका मुरमाड रानात आम्ही मृगाच्या पहिल्या पावसावर फोडलेले बी लावायला सांगितले. आठव्या दिवशी खड्डे हिरवे. मग आर्द्रा कोरड्या गेल्या आणि रोपे करपली. शेजारच्या शेतकऱ्याने बांधाला अख्ख्या आठोळ्या पुरल्या होत्या. त्या पुनर्वसूच्या पावसावर मागेपुढे उगवल्या आणि बऱ्याच जगल्या.

चूक बियाची नव्हती, आमच्या घाईची होती. कवच हे बियाचे कुलूप आहे, एका सरीने ते उघडत नाही. ओल टिकली, मातीने कवच कमजोर केले, तरच अंकुर ते फोडून बाहेर येतो. सागाच्या फळाचेही तेच, म्हणून रोपवाटिकेत ते आळीपाळीने भिजवतात आणि वाळवतात. सगळे बी एकदम न उगवणे हाच रानाचा विमा.

पिकांचा हा विमा माणसाने काढून घेतला. हजारो वर्षे आपण एकदम उगवणारेच दाणे निवडत आलो. म्हणून ज्वारी-बाजरी पहिल्या ओलीवर विश्वास ठेवते, आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी आपल्या बोकांडी बसते. भिजवलेल्या मुगात अजून एखादा कुचर दाणा कडकच राहतो. घरात तो निवडून टाकतात. रानात तोच शहाणा.

आता सरकारी खाक्या पाहा. २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची मोहीम निघाली, मुहूर्त १ जुलै. झाड तारीख पाहत नाही, ओल पाहते. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोरडवाहू झाडे दुसऱ्या वर्षी ८० टक्के जिवंत असली तरच पुढचे अनुदान, अशी अट घातली. पण पिशवीत मुळे वेटोळी झालेले कलम मुरमात खोल जाणार कसे? जागेवर उगवलेल्या बोराचे सोटमूळ सरळ ओलीकडे जाते.

म्हणून जिल्हा बैठकीत आमच्या तीन मागण्या आहेत. एक, खड्ड्यात थेट आठोळ्या लावून पुढे जागेवरच डोळा भरला, तर त्याला कलमाइतकेच अनुदान मिळावे. दोन, जगलेल्या झाडांची मोजणी डोळा भरल्यापासून व्हावी. तीन, पावसाने दडी मारली तर नांग्या भरायला आणखी एक पावसाळा द्यावा.

थांबायचे कधी आणि उगवायचे कधी, हे आठोळीला कळते. योजना आखणाऱ्यांनी निदान तिच्या आड येऊ नये.