खोली नसलेल्याचे सत्र

ऑनलाइन सत्राची सुरुवात बहुधा एकाच प्रश्नाने होते: आवाज येतोय का? येतोय म्हटले की आपण पुढे सरकतो. पण समोरची व्यक्ती धाराशिव जिल्ह्यातल्या दोन खोल्यांच्या घरातून बोलत असेल, तर आधी विचारायचे ते वेगळेच आहे: तुमचा आवाज आणखी कोणाला ऐकू जातोय? सासरच्या ताणाबद्दल बोलू पाहणाऱ्या सुनेच्या बाबतीत तर या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय सत्र सुरूच करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जिच्याविषयी बोलायचे ती सासू पडवीत शेंगा फोडत बसलेली असते, आणि हातातला फोनही पुष्कळदा नवऱ्याचाच असतो.

फोनवरून मनाचे बोलणे या जिल्ह्याला अगदीच नवे नाही. राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला. त्यात तेव्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हाही होता. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची आणि गरज दिसली तर पुढे पाठवायचे, जोडीला १०४ हा क्रमांक, अशी त्याची रचना होती. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ वर केंद्र सरकारची टेलिमानस सेवाही मोफत मिळते. तरीही पुण्या-मुंबईच्या खासगी समुपदेशकांकडे कळंब, उमरगा, तुळजापूरहून फोन येतातच. गावातल्या कोणाला कळू नये, हे त्यामागचे मोठे कारण. ज्या गुप्ततेसाठी माणूस तीनशे किलोमीटरवरचा समुपदेशक शोधतो, ती त्याच्या स्वतःच्या घरातच नसते. आपल्या कामाची खरी अडचण इथे आहे, नेटवर्क त्यानंतर येते.

चिंतेच्या विकारांवर समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखाली इंटरनेटवरून दिलेली सीबीटी समोरासमोरच्या उपचाराच्या जवळपास जाणारे परिणाम देते, असे बरेच अभ्यास सांगतात. त्यांतले बहुतेक स्वीडन, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्ससारख्या देशांतले आहेत. तिथला गृहपाठ जसाच्या तसा उचलून भूम-परंड्याकडे धाडणे धोक्याचे ठरू शकते. विचारांची नोंदवही हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण. ‘मनात आलेला विचार लिहा, त्याला किती गुण द्याल ते लिहा’ असे आपण सहज सांगून मोकळे होतो. ती वही धाकट्या दिराच्या हाती लागली तर? व्हॉट्सॲपवरच्या चॅटचे तेच, आणि यूपीआयने दिलेल्या फीचे तर त्याहून वाईट. नवऱ्याच्या खात्यातून गेलेल्या रकमेसमोर समुपदेशकाचे नाव ठळक उमटते. फी कशी घ्यायची, निरोप कोणत्या वेळी पाठवायचा, सत्र संपल्यावर काय पुसायचे, हे पहिल्याच भेटीत ठरवायला हवे. हे व्यवस्थापनाचे किरकोळ काम समजून मदतनिसावर सोपवणाऱ्या सहकाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. हा उपचाराचाच भाग आहे.

हेडफोन लावले की आपला आवाज झाकला जातो, तिचा नाही. म्हणून काही सत्रे आपण बोलायचे आणि तिने ‘हो’, ‘नाही’, ‘थोडं’ एवढेच म्हणायचे, अशी चालवावी लागतात. कोणी आत आले की वापरायचे एखादे ठरलेले वाक्य हवे; बाळाच्या डोसाची तारीख विचारणे कोणालाही खटकत नाही. जमेल तिथे शेतातून, माहेरी गेल्यावर किंवा आशाताईंच्या मदतीने उपकेंद्रातल्या रिकाम्या खोलीतून बोलणे घडवावे. मात्र आशाताई त्याच गावची असते, तेव्हा तिला यात आणायचे की नाही हे त्या बाईनेच ठरवावे.

नात्याच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट शहरातल्या समुपदेशकाच्या ध्यानात येत नाही. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. अशा बाईला ‘काही दिवस एकमेकांपासून अंतर ठेवा’ असा सल्ला देणे म्हणजे तिला कर्जात लोटणे. ती फडावरून निघाली की कोयता मोडला आणि अंगावरची उचल तशीच राहिली. भांडणाचे मूळ संवादकौशल्याच्या अभावात शोधायचे की पहाटे सुरू होणाऱ्या तोडीत, अपुऱ्या झोपेत आणि न फिटणाऱ्या उचलीत? दोन्हीकडे पाहावे लागते, पण आपले प्रशिक्षण पहिल्याकडेच वळते. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, जीव घाबरा होणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या बाईला आधी रक्तातले हिमोग्लोबिन तपासायला सांगावे, हेही इथेच नोंदवतो. रक्तक्षय आणि चिंता यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात, आणि पडद्यावरून डोळ्यांचा फिकेपणा दिसत नाही.

ऑनलाइनचा मोठा फायदाही याच हंगामात आहे. ओपीडीत सुरू झालेले उपचार टोळी निघाली की तुटायचे. फोन मात्र कोपीपर्यंत, म्हणजे टोळीच्या झोपडीपर्यंत, सोबत जातो. पण नुसता फोन पुरत नाही. विदर्भात ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्या कामाचा कणा गावातली ओळखीची माणसे होती. दूरच्या समुपदेशकालाही अशा कोणाशी तरी दुवा ठेवावाच लागेल.

संकटाच्या वेळी हा दुवा जीव वाचवणारा ठरतो. बंगळुरूहून ११२ लावला तर तो कर्नाटकातल्या यंत्रणेकडे जातो. म्हणून प्रत्येकाच्या नोंदीत गाव, तालुका, जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, पोलीस ठाणे आणि तिने स्वतः निवडलेल्या एका विश्वासू माणसाचा क्रमांक असावा. मारहाणीचा उल्लेख आला, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकारी आणि सखी वन स्टॉप सेंटर यांचे क्रमांक तिला तोंडी द्यावेत, लिहून पाठवू नयेत. त्याच घरातून, त्याच फोनवर, नवऱ्याला शेजारी बसवून जोडप्याचे सत्र घेऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. जिवाला धोका असेल तेव्हा आवश्यक तेवढीच माहिती सांगण्याची मुभाही देते. ही मर्यादा पहिल्या भेटीतच सोप्या मराठीत सांगितलेली बरी.

दिवाळीनंतर गाड्या भरतील आणि नोंदीतला पत्ता निरुपयोगी होईल. ज्यांच्याकडे या भागातले लोक येतात त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सत्रांतच विचारून घ्यावे: कोणत्या कारखान्यावर जाणार, फोन कोणाकडे असणार, चार्ज कुठे होणार, गाडी अड्ड्यावर गेल्यावर कितीच्या सुमारास दहा मिनिटे मिळतील. पन्नास मिनिटांचे सत्र तिथे मिळणार नाही. दहा मिनिटांत काय करता येते, याविषयी ज्यांचा अनुभव आहे त्यांनी तो लिहून पाठवावा, आम्ही छापू.