छापील पानाची साक्ष

छापील वृत्तपत्रांचे दिवस भरले, असा निकाल हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत सहज दिला जातो. ज्याच्या हाती मोबाईल आहे त्यास कागद कशाला, असा या मंडळींचा सवाल असतो. हा निकाल आम्हांस मुळीच मान्य नाही.

बातमी त्वरेने पोचविण्याच्या कामी कागद हरला, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. येरमाळ्यास चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. तिची छायाचित्रे भाविक परतीच्या वाटेस लागण्यापूर्वीच गावोगाव पोचलेली असतात. दुसऱ्या दिवशीच्या पत्राने त्यांच्याशी शर्यत लावणे व्यर्थ होय. परंतु वेग हा वृत्तपत्राचा एक गुण झाला. त्याचा प्राण आहे साक्ष. याच येरमाळ्यावरून सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग जातो. अशा मार्गाकरिता जमीन घ्यावयाची झाल्यास अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा, व त्यांपैकी एक देशी भाषेतील असावे, असे १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा सांगतो. हरकतीस मुदत अवघी २१ दिवसांची! ज्या घरी पत्रच येत नाही, त्या घरास ही सूचना कोण वाचून दाखविणार? पडद्यावरील मजकूर रातोरात बदलता येतो, पुसताही येतो. वाचनालयात फायलीस लागलेला अंक मात्र तारखेसह तसाच राहतो, आणि वादाच्या वेळी पुढे करता येतो.

कोणी म्हणेल, यंत्रापुढे कोणाचे चालले आहे? परंतु बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले व १८४० साली थांबले. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. तेव्हा मोबाईल कोठे होता? नियतकालिक जगते ते वर्गणीवर. उधारीच्या स्तुतीवर नव्हे. निजामी अमदानीत आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ पत्रावर बंदी आली, तेव्हा ते नाव पालटून पुनः निघाले. सरकारी बंदीस न जुमानणाऱ्या पत्रांची परंपरा आमच्या चिक्कूपणाने बुडावी, याहून लाजिरवाणे ते काय?

पत्रांनीही जाहिरातीस बातमीचा वेष चढवून आपली साक्ष विकू नये. तसे झाल्यास वाचकाने पाठ फिरविली तर त्यास दोष देता येणार नाही. पण जे पत्र प्रामाणिक आहे, त्याची वर्गणी भरणे हे सुशिक्षित कुटुंबाचे कर्तव्यच होय. मोबाईलच्या मासिक खर्चास जे घर कुरकुर करीत नाही, त्यास एका दैनिकाचा व एका मासिकाचा भार खचित जड नाही. तेवढेही न करता छपाईच्या मरणाची भाकिते करणाऱ्यांनी, ते मरण आपणच ओढवीत आहोत, हे ओळखावे.