संरक्षण नव्हे, फक्त धोका कमी

सरकारी योजनांची नावं मी सहसा वाचतच नाही. लांबलचक असतात, आणि आत काय आहे ते कळू नये अशीच बहुधा ठेवलेली असतात. पण एक नाव मात्र मला मनापासून आवडतं.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराला हरिकेनपासून वाचवण्यासाठी १९६५ साली, बेट्सी वादळानंतर, एक योजना मंजूर झाली. तिच्या नावात 'हरिकेन संरक्षण' असे शब्द होते. २००५ साली कतरिना आलं आणि त्या संरक्षणाचं काय झालं ते सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर सुमारे १४.५ अब्ज डॉलर खर्चून नवी यंत्रणा उभी राहिली. तिच्या नावातून 'संरक्षण' काढून टाकलं आणि तिथे आलं 'धोका कमी करणारी यंत्रणा'. माझ्या मते त्या साडेचौदा अब्जांमधलं सर्वात प्रामाणिक काम हेच, आणि त्याला खर्च शून्य! :)

कोणी म्हणेल, हा नुसता शब्दांचा खेळ झाला. मला तसं वाटत नाही. का, ते सांगते.

मुळात हे शहर म्हणजे एक परात आहे. एका बाजूला मिसिसिपी नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन नावाचं अवाढव्य सरोवर, आणि मधे खोलगट वस्ती. जुनी घरं नदीकाठच्या उंचवट्यावर होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठे पंप आले, दलदल उपसून कोरडी केली आणि तिथेही घरं झाली. पण दलदलीतलं पाणी काढलं की माती आकसते, खचते. पंपांनी जागाही दिली आणि खड्डाही. आज जवळजवळ अर्धं शहर समुद्रसपाटीच्या खाली आहे. साधं पावसाचं पाणीसुद्धा पंपाने उचलून कालव्यांतून सरोवरात टाकावं लागतं.

२९ ऑगस्ट २००५ ला सरोवराचं पाणी याच कालव्यांतून उलटं शहराकडे आलं. शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. बऱ्याच जणांची समजूत अशी, की वादळच एवढं मोठं होतं, भिंतींवरून पाणी आलं, कोण काय करणार? काही ठिकाणी ते खरंही आहे. पण सतराव्या रस्त्याच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्याच्या भिंती पाणी माथ्यापर्यंत पोचायच्या आधीच कोसळल्या. भिंतीखाली मऊ मातीत रोवलेले पोलादी पत्रे पुरेसे खोल नव्हते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभियांत्रिकी अभ्यासानुसार, १९८० च्या दशकातल्या एका चाचणीचा चुकीचा अर्थ लावून लष्कराच्या अभियंता दलाने ३१ ते ४६ फुटांऐवजी १७ फूट खोली पुरेशी मानली. त्यातून वाचले सुमारे १० कोटी डॉलर. अभियंता दलाने नेमलेल्या अभ्यासगटाने २००६ मध्ये म्हटलंच होतं, की ही यंत्रणा नावापुरतीच यंत्रणा होती.

नवी बांधणी मात्र खरोखर बघण्यासारखी आहे. पूर्वेला बोर्न सरोवराच्या बाजूने सुमारे ३ किलोमीटर लांब आणि २६ फूट उंच भिंत आहे. उधाण शहराच्या पोटात शिरण्याआधी बाहेरच अडवायचं, ही त्यामागची कल्पना. पश्चिमेला एक पंपघर आहे, त्यातले ११ पंप मिळून सेकंदाला ५०० घनमीटरहून जास्त पाणी उपसू शकतात. आणि शहरातले तीन कालवे जिथे सरोवराला मिळतात तिथे आता दारं आणि कायमचे पंप आहेत. ते काम २०१८ मध्ये पूर्ण झालं.

एवढं सगळं कुठल्या वादळासाठी? तर दर वर्षी १ टक्का शक्यता असलेल्या उधाणासाठी. यालाच 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणतात, आणि सगळा घोटाळा या शब्दांनी केलाय. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, २००५ मध्ये येऊन गेलं, आता २१०५ पर्यंत निवांत. पण वादळ कॅलेंडर बघून येत नाही. दर वर्षी फासा नव्याने पडतो. गृहकर्जाच्या ३० वर्षांत असं किंवा याहून मोठं उधाण एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के भरते. म्हणजे चारात एक!

हे मी हवेत बोलत नाहीये. माझा मावसभाऊ सध्या तिथल्या लेकव्ह्यू भागात घर बघतोय. सतराव्या रस्त्याचा कालवा फुटला तेव्हा बुडाला तोच हा भाग. घरं दाखवणारा दलाल त्याला म्हणाला, "आता पूरविम्याची सक्ती नाही." म्हणणं बिनबुडाचं नाही. नवी यंत्रणा झाल्यावर २०१६ मध्ये नवे पूरनकाशे आले आणि शहराचा निम्म्याहून जास्त भाग जास्त धोक्याच्या पट्ट्यातून बाहेर पडला. म्हणजे भिंतीने धोका कमी केला, आणि नकाशाने भीतीच काढून टाकली. दादा, तू हे वाचतोस म्हणून इथेच सांगते, विमा घे. सक्ती नाही याचा अर्थ गरज नाही असा होत नाही.

श्रेय द्यायचं तिथे द्यायलाच हवं. बरोबर सोळा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०२१ ला आयडा आलं. वाऱ्याचा जोर कतरिनापेक्षा जास्त होता, पण बांध टिकले. मात्र वीज गेली ती अख्ख्या शहराची, आणि नंतरच्या उकाड्यात माणसं दगावली. यंत्रणेच्या बाहेर असलेल्या लाप्लास गावात घरांत पाणी शिरलं. भिंत तिला दिलेलं काम करते. बाकीचं तिच्यावर ढकलून चालत नाही.

आणि ती भिंतसुद्धा कायमची नसते. कोकणात खाडीकाठी राहिलेल्यांना हे सांगायला नको. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध खेकडे पोखरतात, भरती-ओहोटी झिजवते. दर वर्षी डागडुजी केली तर भात, नाहीतर खाजण. न्यू ऑर्लिन्सचे बांधही बसतायत, कारण खालची जमीन खचतेय आणि समुद्र वर येतोय. एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे ते पंप पूर्ण झाल्याच्या पुढच्याच वर्षी, अभियंता दलाने सूचना काढली, की उंची वाढवली नाही तर २०२३ पासूनच १ टक्क्याची पातळी राखता येणार नाही! बांधायचा बहुतेक खर्च वॉशिंग्टनने उचलला, रोजची देखभाल स्थानिकांच्या गळ्यात आहे. फीत कापायला सगळे येतात, डागडुजीच्या पैशाला कोणी वाली नसतो. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय.

शिवाय भिंतीच्याही पुढे एक बांध होता, निसर्गाचा. ती दलदल उधाणाचा जोर खाऊन टाकायची. १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनाऱ्याची ५,००० चौरस किलोमीटरहून जास्त जमीन पाण्यात गेली. एक मोठं कारण म्हणजे नदीला बांध घातल्यामुळे तिचा गाळ दलदलीपर्यंत पोचेना. तो गाळ पुन्हा वळवायचा सुमारे ३ अब्ज डॉलरचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला आणि जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला. गोड्या पाण्याने कालवं आणि कोळंबी जाईल, ही तिथल्या मच्छीमारांची तक्रार खोटी नव्हती. पण त्यांना भरपाई देऊन मार्ग काढता आला असता, असं मला वाटतं. रद्द करून दलदल काही परत येत नाही.

मग शहर सोडूनच द्यायचं का? असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते बहुतेक उंचावर राहतात. मला ते पटत नाही. तीनशे वर्षं वसलेलं गाव, त्याचं संगीत, त्याची माणसं, असं उचलून दुसरीकडे नेता येत नाही. भिंत हवीच. पण भिंत विकत देते तो वेळ. त्या वेळात विमा काढायचा, जोते उंच करायचे, घर सोडायची तयारी ठेवायची, दलदल राखायची. भिंतीमागे नुसतं निवांत झोपलं, तर तो वेळही फुकट जातो.

असो. उद्या कोणी पुढारी व्यासपीठावरून सांगेल, की आता तुमचं शहर सुरक्षित आहे. टाळ्या वाजवायच्या आधी त्याला एवढंच विचारा, की बांधाची उंची शेवटची कधी मोजली होती?