हळदीचा हात जरा आवरा

मैत्रिणींनो, आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. विळी लागो की चटका बसो, आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. या सवयीनं आमच्या घरात काय झालं, ते आज सांगते.

मोठ्या जाऊबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, औषधांची सलाईनं झाली, मग मशीनवर ‘लाईट’ सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात छातीची कातडी काळवंडली, खाज सुटली. शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून त्या घरी आल्या होत्या. सासूबाईंनी मायेनं सायीत हळद कालवून लावली. रात्रभर नुसती आग! सोमवारी कातडी सोललेली पाहून डॉक्टरांनी चार दिवस लाईट थांबवली. असा मध्येच खंड पडणं इलाजाला बरं नसतं.

मग सिस्टरांनी नीट समजावलं. ही औषधं आणि किरणं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. आपली कातडी आणि तोंडातलं नाजूक अस्तरही सतत नवं होत असतं, म्हणून त्यांनाही झळ लागते.

लाईटच्या जागी कोमट पाणी हलकेच घ्यावं, चोळू नये, मऊ पंचानं टिपावं. मशीनसाठी आखलेल्या खुणा पुसू नयेत. सैल, सुती पोलकं घालावं. ऊन, गरम पाण्याची पिशवी, बर्फ टाळावं. तेल, पावडर, कोरफड, हळद यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

तोंड आलं असेल तर कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. पाणी गिळू नये. ब्रश मऊ असावा. मिश्री आणि तंबाखू पूर्ण बंद! ठेचा, लिंबू, कडक भाकरी काही दिवस बाजूला ठेवा. मऊ भात, मुगाचं वरण, केळं, दुधात कुस्करलेली भाकरी द्या; निववून द्या, कढत नको.

आणखी एक. इलाजात बाईची आतली जागाही कोरडी पडते, आग होते. जाऊबाई लाजेपायी महिनाभर गप्प राहिल्या. तुम्ही राहू नका, डॉक्टरीणबाईंना सांगा. त्यावर उपाय असतो.

सलाईनच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला, घोटभर पाणीही गिळवेना किंवा कातडीतून पाणी सुटलं, तर सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

हळद भाजी-वरणात असू द्या. तिच्या गोळ्या नि काढे मात्र विचारूनच. सासूबाई आता डबा हाती घेण्याआधी मलाच विचारतात, “अगं, डॉक्टरांना विचारलंस का?”