नाव एकाचे, सत्ता दुसऱ्याची

इ.स. ७५१ मध्ये फ्रँक लोकांचा राजा तिसरा चिल्डेरिक याचे केस कापून त्याला मठात धाडण्यात आले. त्याच्या मेरोव्हिंजियन घराण्यात लांब केस ही राजपदाची खूण होती; ती गेली की राजेपण संपले. गादीवर बसला पेपिन, म्हणजे राजवाड्याचा मुख्य कारभारी. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याने राजा म्हणवून घेणे योग्य आहे का, असे त्याने आधी पोप झकारीकडून विचारून घेतले होते, आणि हवे ते उत्तर मिळवले होते. मुळात चिल्डेरिकला ७४३ मध्ये गादीवर बसवले तेच पेपिनने आणि त्याच्या भावाने. त्याआधी सहा वर्षे गादी रिकामी होती आणि तरीही राज्य चालले होते.

या राजाचे जे चित्र आपल्यापर्यंत आले, ते म्हणजे बैलगाडीतून हिंडणारा, शिकवलेली उत्तरे बोलणारा दुबळा माणूस. ते रंगवले आइनहार्डने, आणि आइनहार्ड पेपिनच्याच मुलाचा, शार्लमेनचा, दरबारी होता. ज्यांनी गादी घेतली त्यांच्याच पदरच्या माणसाने लिहिलेला हा इतिहास आहे, हे विसरून चालणार नाही.

पुण्यात राहणाऱ्याला हे वाचताना सातारा आठवल्याशिवाय राहत नाही. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले, तोवर पेशवा हा छत्रपतींचा प्रधान होता. महाराज विचारत आणि पेशव्याला उत्तर द्यावे लागे. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने नवे छत्रपती रामराजा यांचे अधिकार पेशव्याकडे गेले, आणि त्यानंतर लवकरच, ज्यांनी त्यांना आपला नातू म्हणून पुढे आणले त्या खुद्द ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले. दौलतीचा कारभार शनिवारवाड्यात आला. शिक्क्यावर नाव मात्र छत्रपतींचेच राहिले, आणि प्रत्येक नव्या पेशव्याला वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली.

त्या वस्त्रांचे काय झाले ते १७७३ मध्ये दिसले. ३० ऑगस्टला पेशवे नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. ज्यांच्यावर त्याचा आळ होता त्या त्यांच्या काकांना, राघोबादादांनाही, साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढच्या वर्षी बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, नारायणरावांच्या पुरंदरावर जन्मलेल्या, अवघ्या चाळीस दिवसांच्या मुलासाठी, सवाई माधवरावांसाठी, वस्त्रे मागितली, तीही मिळाली. पुण्यात ज्याचे पारडे जड, त्याला होकार. हा दोष रामराजांचा नव्हे. नाही म्हणण्याची ताकद तेवीस वर्षांपूर्वीच काढून घेतलेल्या माणसाकडून दुसरे काय निघणार?

आणि ही रीत एका पायरीवर थांबत नाही. जे छत्रपतींचे झाले तेच पुढे पेशव्याचे झाले. सवाई माधवरावांच्या नावाने दौलत नाना फडणवीसांनी चालवली. नाना कर्तबगार होते, त्याविषयी वाद नाही. पण गादीवरचा मुलगा वाढला तो नजरेखाली, आणि १७९५ च्या ऑक्टोबरात, खर्ड्याच्या विजयाला वर्षही झाले नव्हते तेव्हा, वाड्याच्या वरच्या भागातून पडून गेला. त्याच्यामागे राज्य सांभाळण्याची सवय असलेला वारस कोणी तयार केलेला नव्हता.

पेशव्यांनी पेपिनसारखी गादी बळकावली नाही, याला आपण निष्ठा म्हणतो. त्यात निष्ठा होतीच. पण त्या निष्ठेने एक प्रश्न कायमचा लोंबकळत ठेवला: शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांनी पेशव्याचे का ऐकावे? नावाने तेही छत्रपतींचेच चाकर होते. पराक्रमी पेशवा असेपर्यंत हा प्रश्न तलवारीखाली दबून राहिला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली तेव्हा तो उघडा पडला. साऱ्या दौलतीला इंग्रजांशी बांधण्याचा अधिकार या एका सहीला कोणी दिला, असे शिंदे आणि भोसले विचारू लागले, आणि १८०३ चे युद्ध त्यातूनच पेटले.

ही फट सर्वांत नीट पाहिली ती इंग्रजांनी. १८१८ च्या फेब्रुवारीत एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढून लोकांना सांगितले की पेशवाई जाईल, पण छत्रपतींना राज्य मिळेल. त्याच महिन्यात अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि बाजीरावाने सोबत फिरवलेले छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. आपण सत्तर वर्षे शोभेपुरते ठेवलेले नाव परक्याने कामाला लावले. काम झाल्यावर १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत केले, १८४८ मध्ये सातारा खालसा केला.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण जवळचे आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही. या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे अंदाजपत्रक मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. कायद्यात स्थायी समिती होती, सर्वसाधारण सभा होती. त्यांच्या खुर्च्यांवर कोणी नव्हते. २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांनी तर या महापालिकेसाठी तोवर एकदाही मतदान केलेले नव्हते. करवसुली मात्र चालू होती. पाणी नाही, रस्ता उखडला, अशी तक्रार घेऊन जायचे तर माजी नगरसेवक म्हणे अधिकार नाहीत, आणि अधिकाऱ्याला मतदारापुढे जायचे नसते. प्रशासक व्यक्ती म्हणून चांगले होते की वाईट, हा इथे मुद्दाच नाही. नानाही कर्तबगारच होते.

मला जास्त भीती वाटते ती आपल्या सवयीची. ‘नगरसेवक नव्हते तेच बरे, कामे तरी झाली,’ हे वाक्य पेठांतही ऐकू येते आणि बाणेर-वाघोलीतही. गादी रिकामी पडली त्या ७३७ नंतरच्या फ्रँक सरदारांनाही राजावाचून काही अडत नव्हते, आणि चौदा वर्षांत कारभाऱ्याने गादी घेतली तेही त्यांना मान्य झाले. निवडून आलेल्या सदस्यांनी म्हणूनच त्या चार अंदाजपत्रकांवर आणि प्रशासकाच्या ठरावांवर सभागृहात, नोंद होईल अशी चर्चा मागितली पाहिजे: कोणता खर्च कोणाच्या सहीने झाला, आणि त्याचे उत्तर आता कोण देणार.