‘सर, एक सही हवी होती…’

कॉलेजच्या जिमखान्याबाहेर दहा मिनिटं उभे राहा. ‘सर, एक सही हवी होती’ हे वाक्य तुमच्या कानावर पडणारच. म्हणणारा किंवा म्हणणारी बहुतेक वेळा खेळाडू असते. एलिजिबिलिटी फॉर्मवर प्राचार्यांची सही, बोनाफाईडवर ऑफिसची सही, मेडिकलवर डॉक्टरांची सही. स्पर्धेहून परत आलं की बुडालेल्या प्रॅक्टिकलसाठी प्रत्येक विषयाच्या सर-मॅडमची सही. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के आरक्षणाचा लाभ घ्यायचा तर प्रमाणपत्राची पडताळणी, म्हणजे पुन्हा सह्या आणि शिक्के.

आपल्या खेळाडूच्या वाट्याला एवढ्या सह्या येतात, पण त्याची स्वतःची सही कुणी मागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, आपण ती मागायला सुरुवात करू या. लोणखेड्यात, शहाद्यात, आपल्याच कॉलेजात. आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

आधी जरा लांबचं उदाहरण घेते. खेळ बेसबॉल. आपल्याकडे हा खेळ शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांच्या यादीत सापडतो, टीव्हीवर फारसा नाही. पण खेळाडूची सही घेणं ही गोष्ट या खेळाइतकी मनावर घेणारे लोक क्वचितच असतील. अमेरिकेत मॅचच्या आधी सराव चालू असतो तेव्हाच पोरं चेंडू आणि पेन घेऊन कठड्याजवळ येऊन थांबतात. बेसबॉलच्या चेंडूवर दोन शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात, त्या अरुंद जागेत एकाच खेळाडूची सही घ्यायची, तीही निळ्या बॉलपेनने, असा तिथला संकेत. सीझन नसतो तेव्हा संघच फॅन्सना बोलावतात. शिकागो कब्ज या संघाने 1986 मध्ये हिवाळ्यात चाहत्यांसाठी मेळावा भरवला आणि नंतर इतर संघांनीही तो कित्ता गिरवला. खेळाडू टेबलामागे बसतात, समोर रांग लागते.

जपानमधली पद्धत मला त्याहून आवडते. तिथे सीझन संपला की नोव्हेंबरच्या सुमारास बेसबॉलचे संघ फॅन्सचे आभार मानायचा दिवस ठेवतात. त्या दिवशी खेळाडू मैदानात चाहत्यांसोबत मजेचे खेळ खेळतात, सह्या देतात. सहीसाठी शिकिशी नावाचा चौकोनी जाड पुठ्ठा वापरतात. म्हणजे वर्षभर तुम्ही आमच्यासाठी ओरडलात, आज आम्ही तुमच्यासाठी थांबतो, असा तो व्यवहार.

तुम्ही म्हणाल, ते व्यावसायिक संघ आहेत, त्यांच्याकडे पैसा आहे. बरोबर. आपल्याकडेही पैसा आहे तिथे हे सुरू झालंय. आयपीएलचे संघ फॅन्ससाठी कार्यक्रम घेतात. 2014 पासून प्रो कबड्डी आली आणि कबड्डीपटूंसोबत फोटो काढायला रांगा लागायला लागल्या. दुबईत सुरू झालेल्या बेसबॉल युनायटेड या लीगमध्ये तर ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघसुद्धा आहे! संघाचं नाव मुंबई, मॅच दुबईत. आपल्यासाठी मात्र दुबई लांब तशी बालेवाडीही लांबच. शहाद्याहून पुण्याला जायचं तर रात्रभर एसटीत बसायचं, तिकीट काढायचं, राहायची सोय बघायची. आणि एवढं करून खेळाडू दिसणार तो बॅरिकेडच्या पलीकडे, चार सेकंद. वाटलं तर जरूर जा. पण ज्या खेळाडूसाठी रात्रभर प्रवास करावा लागत नाही, तो रोज आपल्यासोबत कॅन्टीनमध्ये चहा पितो. त्याचं काय?

सही कशाला, सेल्फी आहे ना?

हा प्रश्न मला मैत्रिणींनी विचारलाच. सेल्फीला माझा विरोध नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखोंच्या घोड्यासोबत आपण सेल्फी काढतो, घोड्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. सेल्फीत समोरच्याने काहीच केलं नाही तरी चालतं. बऱ्याचदा तर आपण खेळाडूकडे पाठ करूनच तो काढतो! सहीचं तसं नाही. वही पुढे करावी लागते, आपलं नाव सांगावं लागतं. समोरची व्यक्ती विचारते, ‘काय नाव लिहू?’ ती मान खाली घालून लिहीत असते तेवढ्या वेळात एखादा प्रश्न विचारता येतो. एवढं बोलणं सेल्फीत होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सही म्हणजे शेवटी बाजारच ना? आहेच. अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या सह्यांना एवढा भाव आला की खोट्या सह्यांचा धंदाच उभा राहिला. 1990 च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने तपास केला. बाजारातल्या निम्म्याहून जास्त सह्या बनावट असाव्यात, असा अंदाज तेव्हा पुढे आला. मग 2001 पासून तिथल्या मेजर लीगने खरेपणाची खूण म्हणून होलोग्राम लावायला सुरुवात केली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. खेळाडू कोट्यातल्या नोकऱ्यांसाठी ट्रॅम्पोलीनची बोगस प्रमाणपत्रं वापरल्याचं प्रकरण आपल्याच राज्यात गाजलं होतं. जिथे कागदाला किंमत येते, तिथे खोटा कागदही येतो.

पण यावर एक उपाय सह्या गोळा करणाऱ्यांच्या जगातच सापडतो. सहीच्या वर ‘अमुकला शुभेच्छा’ असं नाव घालून लिहिलं की बहुतेक वेळा तिची बाजारातली किंमत उतरते. दुसऱ्याचं नाव असलेली वस्तू कोण विकत घेणार? आणि नेमकी तीच सही ज्याच्या नावाची आहे, त्याच्यासाठी सर्वांत मोलाची. आपल्या कॉलेजातल्या धावपटूची सही ऑनलाइन कुणी विकत घेणार नाही. म्हणूनच ती मागणाऱ्याच्या मनात खेळाडूबद्दलच्या आदराशिवाय दुसरं काही नसणार.

मागत फिरणारा खेळाडू

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथे जाण्यासाठी त्यांना वर्गणी गोळा करत फिरावं लागलं होतं आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे दिले होते. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

आता आपल्या जवळचं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक, 2012 मध्ये अर्जुन पुरस्कार, 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. आदिवासी पाड्यावरून निघालेली मुलगी कुठवर जाऊ शकते, हे आपल्याकडच्या मुलींनी तिच्यामुळे पाहिलं. आणि राज्य सरकारच्या नोकरीसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करूनही हाती काही लागलं नाही, असं तिलाच 2024 मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं. ऑलिंपिक खेळलेल्या खेळाडूची ही कथा असेल, तर विभागीय स्पर्धा खेळणाऱ्या पोरीचं काय होत असेल, विचार करा.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. उद्या हे दोघं शहाद्याच्या बसस्थानकावर उतरले, तर आपल्यातले किती जण त्यांना ओळखतील? मला वाटतं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खो-खो तर आपण सगळेच शाळेत खेळलोय.

माझी एक मैत्रीण उमविच्या संघातून खो-खो खेळली, कलर होल्डर आहे. तिची मेडल्स घरी कपाटावर एका कॅरीबॅगमध्ये असतात. एकदा सरावाच्या वेळी जिल्हा परिषद शाळेतली एक पोरगी वही घेऊन तिच्यासमोर आली. मैत्रीण आधी हसली. ‘मी काय सेलिब्रिटी आहे का गं?’ मग तिने वहीवर लिहिलं ते असं: आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. खाली तारीख. फॉर्मवर लिहितात अगदी तसं. तिला सही करायची दुसरी पद्धत माहीतच नव्हती, कारण तोपर्यंत ती फक्त फॉर्मवरच सही करत आली होती.

मला हे पाहून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. राग कुणा एकावर नाही, आपल्या सगळ्यांवर. ती जिंकून आली तेव्हा आपण व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठा टाकला आणि पुढच्या मेसेजकडे वळलो.

सहीने पोट भरतं का?

नाही भरत. खेळाडूला चांगले बूट हवेत, पोटभर खाणं हवं, मैदान हवं, परगावी स्पर्धेला जायचा खर्च हवा. सही या कशाचीच जागा घेऊ शकत नाही आणि कुणी ‘आम्ही फॅन डे केला, आता ट्रॅकसूट कशाला?’ असं म्हणायला लागलं, तर आपणच भांडायचं.

पण धडगाव, म्हसावद, तळोद्याकडून येणाऱ्या आपल्या वर्गातल्या मुली आठवा. अकरावी-बारावीत जीव तोडून धावणाऱ्या, एफवायला मैदानावर दिसणाऱ्या आणि टीवायला न दिसणाऱ्या. प्रत्येकीचं कारण वेगळं असेल. घरचं काम, लग्न, बसच्या वेळा, पैसे. त्यात एक कारण असंही असतं की, ती जे करते त्याला घरात आणि गावात कुणी मोजतच नाही. ‘खेळून काय मिळणार?’ या प्रश्नापुढे प्रमाणपत्राचा कागद अपुरा पडतो. मात्र आपल्या मुलीची सही घ्यायला तीस-चाळीस पोरं रांगेत उभी आहेत, हे वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तर पुढच्या वर्षी तिच्या खेळाबद्दल घरात बोलणं वेगळं होईल, अशी मला आशा आहे. खात्री देता येत नाही. पण करून बघायला काय हरकत आहे?

त्यांची पुढची वाट कुठे जाईल, हे आज कुणालाच माहीत नसतं. उत्तर प्रदेशातली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही दोन भालाफेक करणारी पोरं. 2008 मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या चेंडूफेकीच्या स्पर्धेत ती चमकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या करारावर त्यांनी सही केली. त्याआधी दोघांनीही बेसबॉल खेळलेला नव्हता. त्यांच्यावर 2014 मध्ये सिनेमा आला. हाच रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये ‘वीर महान’ म्हणून गेला. ते भाला फेकायचे तेव्हा त्यांची सही कुणी घेऊन ठेवली असती तर!

मग करायचं काय?

येत्या गॅदरिंगमध्ये एक तास मागून घ्या. फिशपॉन्ड आणि फनफेअरच्या मधला चालेल. मंडपात चार टेबलं लावा. यंदा विद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळलेले खेळाडू बसवा आणि प्रत्येकासमोर नाव, खेळ आणि गाव लिहिलेला पुठ्ठा ठेवा. जवळच्या शाळेतल्या पाचवी ते आठवीच्या मुलांना बोलवा. खेळाडूंच्या आईवडिलांना तर नक्कीच बोलवा आणि त्यांना पुढच्या खुर्च्या द्या. प्रमुख पाहुण्यांचं भाषण ठेवू नका, प्लीज! खर्च म्हणाल तर शंभर पानी वह्या आणि डझनभर पेनं. कॅन्टीनच्या दोन-चार पार्ट्या रद्द केल्या तरी भागेल.

नियम फक्त तीन. सही वहीवर घ्यायची, हातावर नाही, कारण हात संध्याकाळी धुतला जातो. सहीसोबत मागणाऱ्याचं नाव लिहायचं. आणि सही मागण्याआधी खेळाडूला एक प्रश्न विचारायचा: सकाळी किती वाजता उठता, पहिल्यांदा हरलात तेव्हा काय केलंत, खांब मारायला कसं शिकलात, काहीही.

आणि गॅदरिंगची वाट कशाला बघायची? विभागीय स्पर्धा आपल्या कॉलेजच्या मैदानावर होतात तेव्हा आपण लेक्चर ऑफ मिळालं म्हणून घरी जातो. यंदा थांबा. वॉर्मअप चालू असेल तेव्हा कुणाला त्रास देऊ नका. मॅच संपू द्या, पाणी पिऊ द्या. मग पुढे व्हा. हरलेल्या संघाकडे आधी गेलात तर आणखी चांगलं. वही उघडा, पेन द्या, आणि म्हणा, ‘ताई, एक सही हवी होती.’