नाशिकची माती आणि सातबाऱ्यातील इतिहास

१/ नाशिकमध्ये प्लॉट घेताना जुने सातबारे काढून मालकी तपासली जाते. त्याच कागदांवर त्या मातीत काय मुरले असेल, याचाही माग असतो. तो मात्र कुणी वाचत नाही. #थ्रेड

२/ १८८५ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षावरील केवडा रोगावर मोरचूद व चुन्याचे मिश्रण सुचवले. तेच बोर्डो मिश्रण पुढे नाशिकच्या द्राक्षबागांतही रुळले. एक टक्का मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद.

३/ मोरचुदातील तांबे कुजत नाही. सेंद्रिय द्रव्याला आणि चिकणमातीच्या कणांना धरून ते वरच्या थरातच साठत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने त्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

४/ दुसरा थर उद्योगांचा. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या सातपूर आणि अंबड वसाहतींत इलेक्ट्रोप्लेटिंगही आले. या व्यवसायाच्या सांडपाण्यात क्रोमियम, निकेल, जस्त असते. तिसरा थर रस्त्यांचा: देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण रस्त्याकडेच्या मातीत बसलेले शिसे दशकानुदशके टिकते.

५/ महापालिका १९८२ ची. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव ही शेतीची गावे आज तिच्या हद्दीत आहेत आणि मळ्यांवर वसाहती उभ्या राहत आहेत.

६/ येथेच कागदाची साखळी तुटते. सातबाऱ्यातील ‘सात’ म्हणजे हक्कनोंद, ‘बारा’ म्हणजे पिकांची नोंद. जमीन बिनशेती झाली की पीकपाहणी थांबते. पुढे येणाऱ्या मालमत्ता पत्रकात पिकाला रकानाच नसतो. हक्काचा इतिहास चालू राहतो, मातीचा संपतो.

७/ जुन्या बागेची प्रत्येक जमीन विषारी असते, असा याचा अर्थ नव्हे. जादा तांब्याचा पहिला फटका गांडुळांना व सूक्ष्मजीवांना बसतो. शिशाचा धोका मात्र मातीत खेळणाऱ्या मुलांना थेट असतो. कुठे काय आहे, हे तपासल्याशिवाय कळणार नाही.

८/ दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले. संशयित जागा शोधताना केवळ तक्रारींची वाट पाहू नये. अभिलेख कक्षातील जुनी पीकपाहणी आणि कारखान्यांच्या नोंदी नकाशावर मांडाव्यात. लेआउटमधील उद्यान व क्रीडांगणाच्या जागेची माती मंजुरीपूर्वी तपासणे बंधनकारक व्हावे. मालकीसाठी तीस वर्षांचे उतारे मागणाऱ्या शहराला मातीसाठी एक अहवाल मागणे जड जाऊ नये.